एबीएसचा दिवा आणि कमी व्होल्टेजचा दोष: बॅटरी बदलावी, मीटर लावावा, स्कॅनर जोडावा की सर्व्हिस सेंटर गाठावे?

डॅशबोर्डवरचा एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला आणि दोष कमी व्होल्टेजचा असावा अशी शंका आली, की घाटंजी, आर्णी किंवा महागावसारख्या तालुक्याच्या गावातील गाडीमालकासमोर चार वाटा असतात. सरळ नवी बॅटरी बसवता येते, गावातल्या वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घेता येते, स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये गाडी लावता येते, किंवा यवतमाळ, अमरावती वा नागपूर गाठून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवता येते. एप्रिल २०१९ पासून नव्या सर्व मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आणि त्या वेळच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येऊ लागल्या आहेत. त्यामुळे हा प्रश्न महागड्या गाड्यांपुरता राहिलेला नाही.

वाट कोणतीही निवडली तरी गाडी चालवावी की नाही, हे आधी ठरवावे लागते. फक्त पिवळा दिवा लागला असेल तर साधे ब्रेक नेहमीप्रमाणे लागतात. मात्र ओल्या डांबरावर किंवा गिट्टी पसरलेल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यास चाके जाम होऊ शकतात, म्हणून बेताच्या वेगाने गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर प्रथम हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. ती ठीक असूनही दोन्ही दिवे जळत राहिले, तर पुढच्या-मागच्या चाकांतील ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते आणि मागची चाके आधी अडकू शकतात. अशा गाडीने नागपूरचा रस्ता धरू नये. मेकॅनिकलाच गाडीपाशी बोलवावे.

पर्यायांची तुलना करण्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. एबीएसच्या युनिटला वीज पुरवणाऱ्या वायरी वेगळ्या असतात: बहुतेक गाड्यांत एक जाड वायर त्यातील मोटारीसाठी, दुसरी व्हॉल्व्हसाठी, तिसरी इग्निशनची आणि परतीसाठी जाड अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर. युनिटच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) व्होल्टेज साधारण ९ ते १० व्होल्टच्या खाली गेले की ते स्वतःहून बाजूला होते आणि दिवा लावते. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो. एबीएसची मोटार क्षणभरच चालते, पण त्या क्षणी ती मोठा करंट ओढते. म्हणून बॅटरी उत्तम, डायनमो उत्तम, हेडलाइट झगझगीत, आणि तरीही एबीएसला वीज अपुरी, असे सहज घडते. सगळ्या गाडीचे व्होल्टेज कमी आहे की फक्त एबीएसच्या फांदीचे, हे जो पर्याय लवकर आणि स्वस्तात सांगेल, तो पहिला.

दिवा केव्हा लागतो याची नोंद ठेवली तर निम्मे काम फुकटात होते. सेल्फ मारताना लागून नंतर विझत असेल, तर संशय बॅटरीवर जातो. रात्री एसी, हेडलाइट आणि वायपर एकदम चालू असताना, गाडी एका जागी घुरघुरत उभी असताना लागत असेल, तर डायनमो किंवा त्याचा पट्टा पाहावा. गाडी सुरू करून जरा वेग घेतला की युनिट स्वतःची चाचणी म्हणून मोटार एकदा चालवते. नेमका तेव्हाच किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लागत असेल, तर एबीएसचा फ्यूज, वायर किंवा अर्थ तपासावा. खड्ड्यात आपटल्यावर लागत असेल, तर काहीतरी ढिले आहे.

आता पहिला पर्याय, म्हणजे नवी बॅटरी. विदर्भात याला काही आधार आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते आणि आतील प्लेटा लवकर गळतात. त्यात गाव ते आठवडी बाजार एवढीच धाव असेल, तर सेल्फने खाल्लेला चार्ज पुरता भरूनही निघत नाही. तरीही न मोजता बॅटरी बदलणे हा चारांतील सर्वांत फसवा पर्याय आहे, कारण नव्या बॅटरीचे व्होल्टेज किंचित जास्त असते, टर्मिनल घासून घट्ट बसवले जाते आणि दिवा काही आठवडे गप्प बसतो. दोष गेला असे वाटते. तो पुढच्या पावसात पुन्हा वर येतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळाले आणि सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली गेले नाही, तर बॅटरीवर पैसे घालू नयेत. सकाळी १२.२ किंवा त्याहून कमी दिसत असेल, तर आधी ती पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहावे, मगच दुकानात जावे.

दुसरा पर्याय मल्टिमीटरचा, आणि माझे झुकते माप त्यालाच आहे. काही शे रुपयांच्या साध्या मीटरवरही हे काम होते. अट एवढीच की मोजणाऱ्याने भार टाकून मोजले पाहिजे. अनेक वायरमन मीटरचा बझर वाजवून वायर चांगली असल्याचा निर्वाळा देतात. दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी बझर वाजतोच. गंजलेल्या जोडात ०.१ ओहमचा अडथळा असेल, तर साधा मीटर तो धड दाखवत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. पण ३० अँपिअर करंट वाहू लागला की तोच ०.१ ओहम ३ व्होल्ट खातो आणि १२.४ ची बॅटरी एबीएसपर्यंत पोहोचेस्तोवर ९.४ होते.

म्हणून मोजण्याची रीत वेगळी ठेवावी लागते. मीटर डीसी व्होल्टवर लावावा, काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर दाबावे, खांबावर म्हणजे वरच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि लाल टोक एबीएसच्या अर्थ वायरीवर कपलरच्या मागच्या बाजूने टेकवावे. एबीएसची मोटार चालू असताना येथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर दोष अर्थमध्ये आहे. पॉझिटिव्ह बाजूने बॅटरीच्या खांबापासून कपलरपर्यंत ०.५ पर्यंतची घट चालण्यासारखी असते. मोटार चालवता येत नसेल, तर इग्निशन बंद करून कपलर काढावा आणि मोटारीच्या पुरवठ्याच्या व अर्थच्या पिनांमध्ये ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडावा. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो. करंट कमी असल्याने घटही कमी दिसते, म्हणून येथे पाव व्होल्टची घटसुद्धा गंभीर मानावी.

अर्थचा बोल्ट बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या ट्रेखाली किंवा फेंडरच्या आतल्या पत्र्यावर असतो, म्हणजे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उडतो तिथेच. वरून तो घट्ट आणि स्वच्छ दिसतो. उघडल्यावर लगच्या (वायरीच्या टोकावरील धातूच्या चकतीच्या) खाली पांढरी-हिरवी भुकटी आणि गंजाची कडी सापडते. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले की काम झाले. शेतातल्या पंपाच्या पाइपाने बोनेट उघडून गाडी धुण्याची सवय असेल, तर कपलरमध्ये पाणी शिरले आहे का तेही पाहावे. कापूस किंवा सोयाबीन साठवलेल्या गोठ्यात गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायर शोधावी. ती बहुधा नळीच्या आत असते, बाहेरून दिसत नाही.

या पर्यायाचा धोका माणसात आहे, मीटरमध्ये नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढायचा आणि गाडी बंद पडली नाही तर डायनमो ठीक समजायचा, ही जुन्या डिझेल गाड्यांवरची रीत अजून सर्रास चालते. त्या क्षणी डायनमोचे व्होल्टेज उसळते आणि एबीएसच्या युनिटसह कोणताही कंट्रोलर जळू शकतो. जो वायरमन हे करायला निघेल, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी. डायनमोसाठी इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसणे पुरेसे आहे. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत मात्र हा आकडा मुद्दाम वरखाली केला जातो, त्यामुळे क्षणभर १२.८ दिसले म्हणून डायनमो खोलू नये.

तिसरा पर्याय स्कॅनरचा. त्यात दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्याने पैसे जातात. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ यंत्र बहुतेक गाड्यांत इंजिनच्याच दोषांचे कोड वाचते. एबीएसपर्यंत ते सहसा पोहोचत नाही. ‘पी ०५६२’ म्हणजे एकूण व्होल्टेज कमी, एवढे ते सांगू शकते, आणि तो कोड असेल तर बॅटरी व डायनमोकडे वळावे. सर्व यंत्रणा वाचणारा स्कॅनर ज्या गॅरेजमध्ये आहे, तिथे ‘सी ०८९९’सारखा एबीएसचा कोड दिसतो. पण कोड तक्रार कोणाची ते सांगतो, वायर कुठे गंजली ते सांगत नाही. या कामात मोठ्या स्कॅनरचा खरा उपयोग निराळाच आहे: एबीएसच्या युनिटला स्वतःला किती व्होल्टेज मिळते ते तो पडद्यावर दाखवतो, आणि बऱ्याच गाड्यांत उभ्या उभ्या मोटार चालवूनही देतो. पडद्यावरचा आकडा आणि त्याच क्षणी बॅटरीवर मीटरने घेतलेला आकडा यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर दोष वायर, फ्यूज किंवा अर्थमध्ये आहे. गॅरेजवाला एवढे करणार असेल तर त्याची फी द्यावी. नुसता कोड पुसून देणार असेल तर देऊ नये.

सर्व्हिस सेंटरचे अंतर हाच त्याचा मोठा खर्च आहे. सिरोंच्याहून नुसते गडचिरोली २०० किलोमीटरच्या आसपास पडते. तिथे वायरिंगचा नकाशा आणि मॉडेलचे नेमके आकडे मिळतात, हे खरे. पण भाग दुरुस्त करण्यापेक्षा बदलण्याकडे कल असतो आणि एबीएसचे पूर्ण युनिट हा हजारो रुपयांचा मामला आहे. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र गावात कपलरलाही हात लावू न देता तिकडेच न्यावी. वॉरंटी संपली असेल, तर कपलरवर भार टाकूनही पूर्ण व्होल्टेज आणि चांगला अर्थ मिळत असताना युनिट कमी व्होल्टेजचीच तक्रार करत असेल, तेव्हाच हा प्रवास करावा. निघताना एका कागदावर बॅटरीवरचा आकडा, मोटार चालताना कपलरवरचा आकडा आणि अर्थमधील घट लिहून न्यावी आणि जॉब कार्डवर उतरवून घ्यावी, म्हणजे तपासणीची सुरुवात पुन्हा नव्या बॅटरीपासून होणार नाही.