सिग्नलिंग रेकॉर्ड: फाईलने न्यायची की काफ्काने?

प्रोब म्हणजे मोबाइल नेटवर्कमधले सिग्नलिंगचे, म्हणजे नियंत्रणाचे, संदेश टिपणारं साधन. तो डायमीटर या प्रोटोकॉलमधली विनंती आणि तिचं उत्तर हॉप-बाय-हॉप आयडीवरून (दोन्हींत सारखाच असणारा क्रमांक) जुळवतो आणि त्या व्यवहाराचं एक रेकॉर्ड बनवतो. ही रेकॉर्ड बाहेर न्यायला दोन मार्ग आहेत: ठरावीक वेळाने एसएफटीपीवरून (सुरक्षितपणे फाईल पाठवायची पद्धत) सीएसव्ही फाईल, किंवा काफ्कावर (नोंदी सतत वाहून नेणारी प्रणाली) अखंड प्रवाह.

फाईलचा मार्ग जुना, पण माझा भरवसा त्याच्यावरच जास्त. नावात अनुक्रमांक असला की ४१ नंतर थेट ४३ आली हे लगेच कळतं आणि राहिलेली फाईल पुन्हा मागवता येते. पथ्य मात्र काटेकोर पाळायचं: लिहून होईपर्यंत फाईलचं नाव तात्पुरतं ठेवायचं, पूर्ण झाल्यावरच बदलायचं. नाहीतर कलेक्टर, म्हणजे रेकॉर्ड गोळा करणारा प्रोग्रॅम, अर्धवट फाईल उचलतो आणि शेवटची ओळ आयएमएसआयच्या (ग्राहकाच्या सिमचा ओळख क्रमांक) मधेच तुटते.

अलार्मसाठी मात्र काफ्काच हवं. एचएसएसकडून (ग्राहकांची माहिती ठेवणारा सर्व्हर) ५००१, म्हणजे ‘ग्राहक अनोळखी’, अशी उत्तरं अचानक वाढली तर पुढच्या फाईलची वाट बघत बसणं परवडत नाही. पण कलेक्टर ऑफसेट, म्हणजे कुठपर्यंत वाचलं याची खूण, नोंदवण्याआधीच बंद पडला, तर तीच रेकॉर्ड दुसऱ्यांदा येतात. म्हणून प्रत्येक रेकॉर्डला स्वतंत्र ओळख हवीच. शिवाय सेटिंग बदललं नाही तर काफ्कात डेटा ७ दिवसच टिकतो, आणि ग्राहकाची तक्रार महिन्याभरानेही येते.