नागपूरच्या कडेकडेनं तीन रविवार (मार्क पाचपैकी साडेतीन)

डिसेंबरात इथल्या एका वॉकिंग ग्रुपसोबत तीन रविवार गावाला कडेकडेनं वळसा घातला. माणशी १२०० रुपये, त्यात चहा-पाणी आणि जिथे चालणं संपते तिथून गाडीपर्यंत परत आणणारी व्हॅन. पाट्याबिट्या लावलेली पायवाट काही आपल्याकडे नाही, या पोरांनीच तलावांचे काठ, पांदण, मागचे रस्ते जोडून रूट केलाय. नाव टाकत नाही, पोरं नवीन आहेत.

पहिला रविवार एकदम पैसा वसूल. काटोल रोडला गोरेवाड्यापासून सकाळी साडेसहाला निघालो. आत जंगलात सोडत नाहीत, १९१४ हेक्टरचं आहे आणि बिबटे आहेत, म्हणून कुंपणाच्या बाहेरूनच, पण सागाची ताटाएवढी पानं दवानं इतकी भिजलेली की पायाखाली कुरकुर नाही, नुसता चप्प चप्प आवाज, आणि कोणी बोलत नव्हतं. मग सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी. मधे तर्री पोहे झाले (तर्री जरा पातळ होती, असो). माझ्या फोनवर तेरा किलोमीटर दाखवले.

त्या दिवशी गाईडही रंगात होता. गोरेवाड्याच्या तलावापाशी सांगितलं की पिवळी नदी इथून निघते. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून अंबाझरीत येते आणि पुढे गावातून जाते, हे अंबाझरीच्या काठावर सांगितलं, आणि २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे पाणी तलावावरून वाहून वस्तीत कसं शिरलं तेही हात करून दाखवलं. मावशीचा फ्रिज त्या पाण्यात तरंगत होता त्यामुळे मी जरा जास्तच कान देऊन ऐकत होतो.

दुसरा रविवार जयताळा ते खापरी, मिहानकडचे रुंद मोकळे रस्ते, सावली नाही, टोपी न्याच. एका ठिकाणी पांदणच गायब, नवा लेआउट पडलेला, मुरूम टाकून रस्ता, प्लॉटचे रंगवलेले खुंट आणि पलीकडे तार, मग आल्या पावली दीड किलोमीटर परत. रूट गेल्या वर्षी आखलेला म्हणे. अरे भाऊ, गावाची कड दर वर्षी पुढं सरकते, आदल्या दिवशी एक चक्कर मारायला काय जाते?

तिसरा रविवार दिघोरी, वाठोडा, भांडेवाडी, पारडी, कळमना. ट्रक, धूळ आणि भांडेवाडीला डम्पिंग यार्डचा वास, रुमाल बांधूनही आत येतो. हे सगळं चाललं असतं, मला राग आला तो पुलावर. खाली काळं पाणी, कडेला जलपर्णी, मी गाईडला विचारलं हे काय, तर म्हणे "नाला आहे नं भाऊ, चला लवकर, वास येते."

नाला! अबे नाग नदी आहे ती, तीच अंबाझरीवाली, जिच्या नावानं गावाचं नाव आहे. पहिल्या रविवारी तूच सांगितलं होतंस. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प आहे, तिथलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, आणि नाग आणि पिवळी दोन्ही शेवटी कन्हानला मिळतात, एवढं पाच मिनिटं पुलावर उभं राहून सांगितलं असतं तर ट्रकमधून चालल्याचं काही वाटलं नसतं. नुसता हिरवा भाग दाखवायचा तर तीन रविवार कशाला घेता, एकच घ्या.

कळमन्याला व्हॅन ५० मिनिटं लेट. तोवर हातगाडीवरची संत्री खाल्ली, गोड होती, त्याचे मार्क ग्रुपला नाहीत.

परवा फोन करून हे सगळं सांगितलं तर पोरगा म्हणाला, पुढच्या बॅचला तिसरा दिवस काढूनच टाकतो, सगळेच कुरकुर करून राह्यले. म्हटलं काढू नको बाबा, फक्त पुलावर थांबव.