खऱ्या शिक्क्याखाली दडवलेली फुली

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात ओहायो राज्यातील एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी रूकवूड या मातीची कलात्मक भांडी घडवणाऱ्या कारखान्याची नऊ इंच उंचीची एक फुलदाणी १,४५० डॉलरला विकत घेतली. फुलदाणी अस्सल होती, तिच्या तळावरचा शिक्काही अस्सल होता, आणि तरीही माझी पुरती फसवणूक झाली. माझ्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांनी अलीकडे अशा वस्तू जमवायला सुरुवात केली आहे आणि ‘शिक्का खरा असला की झाले’ असे त्यांतील बहुतेक जण मला सांगतात. मीही तसेच समजत होते, म्हणूनच हा अनुभव लिहून काढणे मला आवश्यक वाटले.

ही आवड मला मुंबईत लागली. राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात सर जे. जे. कला विद्यालयात घडवलेली जुनी झिलईदार मातीची भांडी आहेत. शाळेत असताना ती मी कितीतरी वेळा पाहिली होती. यंत्रावर काढलेल्या एकसारख्या मालाला कंटाळून कारागिराच्या हाताला पुन्हा मान देणारी आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ इंग्लंडमध्ये उभी राहिली आणि पुढे अमेरिकेतही पसरली, हे मला पुष्कळ नंतर कळले. ओहायोतल्या सिनसिनाटीला राहायला आल्यावर मारिया लाँगवर्थ निकल्स यांनी १८८० मध्ये याच शहरात सुरू केलेल्या रूकवूड कारखान्याची ओळख झाली. तिथल्या चित्रित फुलदाणीवर ती रंगवणाऱ्या कलाकाराची आद्याक्षरे तळाशी कोरलेली असतात. एका माणसाने एक वस्तू हाती घेऊन पूर्ण करावी आणि तिच्यावर आपले नाव सोडावे, याचे मला तेव्हाही मोल वाटत होते आणि आजही वाटते.

रूकवूडचा माल ओळखायला सोपा, असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. उलटा आर आणि त्याला पाठ लावून उभा पी ही मुद्रा १८८६ पासून वापरात आली. पुढच्या वर्षापासून दर वर्षी तिच्याभोवती एक ज्योत वाढत गेली, १९०० मध्ये चौदा ज्योती झाल्या, आणि १९०१ पासून मुद्रेखाली वर्षाचा रोमन आकडा येऊ लागला. माझ्या फुलदाणीवर चौदा ज्योतींखाली तेराचा रोमन आकडा होता, म्हणजे ती १९१३ सालची. आकाराचा क्रमांक होता, ‘वेलम’ झिलईची खूण असलेला व्ही होता, चित्रकाराची अक्षरे होती. ही झिलई कारखान्याने १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात लोकांपुढे आणली. ती काचेसारखी चमकत नाही. तिच्याखालचे चित्र पहाटेच्या धुक्यातून दिसावे तसे मऊ दिसते. माझ्या फुलदाणीवर संध्याकाळच्या गुलाबी उजेडातली तळ्याकाठची झाडे होती. ती पाहताक्षणी मी ती घेणार हे विक्रेत्याने ओळखले असावे.

दुकानात मी तळ जवळजवळ दहा मिनिटे भिंगाखाली पाहिला. काठावरून मात्र एकदाही बोट फिरवले नाही. विक्रेता वयस्क आणि अतिशय मृदुभाषी होता. एका जुन्या घराण्याच्या संग्रहातून वस्तू आली आहे, कुठेही टवका नाही, कसलीही डागडुजी नाही, झिलईत बारीक तडे तेवढे आहेत आणि त्या काळच्या वेलममध्ये ते असायचेच, असे त्याने मला दोनदा सांगितले. तड्यांबद्दल तो खरे बोलत होता आणि त्या एका खऱ्यामुळे बाकीच्या सगळ्यावर माझा विश्वास बसला. रोख दिल्यास शंभर डॉलर कमी करतो म्हणाला, म्हणून मी बँकेतून पैसे काढून आणले. पावतीवर ‘फुलदाणी, एक नग, आहे त्या स्थितीत’ एवढेच लिहिले होते. ते मी वाचले आणि घडी घालून पर्समध्ये ठेवले.

फुलदाणी हिवाळाभर दक्षिणेकडच्या खिडकीत होती. मार्चमध्ये पुसताना काठाखाली चंद्रकोरीच्या आकाराचा भाग पिवळसर झालेला दिसला. गुलाबी आकाशात तो चहाच्या डागासारखा उठून दिसत होता. रात्री दिवे मालवून अतिनील प्रकाशाची विजेरी धरली तेव्हा सगळी फुलदाणी काळपट जांभळी राहिली आणि काठाचा तीन बोटे रुंदीचा तुकडा दुधासारखा पांढरा उजळला. तळाशी, चित्रकाराच्या अक्षरांशेजारी, दोन आडव्यातिडव्या रेघाही तशाच उजळल्या.

इथे मी सर्वांत मोठी चूक केली. खात्री करून घेण्याच्या घाईत मी कापसाच्या बोळ्याला नखांचा रंग काढायचे ॲसिटोन लावले आणि तो काठावरून फिरवला. बोळा गुलाबी झाला. रंगाखालून पांढरे लुकण निघाले, ते नखाने खरवडले जात होते. तळावरच्या रेघांमधला भराव निघाल्यावर खाली सहाणेच्या चाकाने घासून काढलेली फुली स्वच्छ दिसली. भट्टीतून निघालेल्या मालात दोष आढळला की कारखाना तळावर अशी फुली कोरून तो दुय्यम प्रतीचा ठरवत असे. म्हणजे ही वस्तू कारखान्यातून बाहेर पडतानाच सदोष ठरलेली होती, नंतर कधीतरी तिचा काठ फुटला, आणि कोणीतरी दोन्ही गोष्टी कसबी हाताने बुजवल्या. या दोन्ही गोष्टी उघड सांगितल्या असत्या तर मी कदाचित तिसऱ्या हिश्शाच्या किमतीला, समजून उमजून, ती घेतलीही असती.

मी दुकानात गेले तेव्हा विक्रेत्याने फुलदाणी हातात घेऊन शांतपणे म्हटले, “बाई, ही मी दिली तेव्हा धड होती. रसायन तुम्ही लावलेत.” त्याचे पहिले वाक्य खोटे होते, पण दुसरे खोटे म्हणणे मला शक्य नव्हते. आधी छायाचित्रे काढून, वस्तूला हात न लावता एखाद्या संवर्धकाकडून लेखी मत घेतले असते तर माझ्याजवळ पुरावा राहिला असता. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर बँकेकडे तक्रार करता आली असती. ‘डागडुजी नाही’ हे त्याचे तोंडचे शब्द पावतीवर लिहून घेतले असते तर ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांमागे त्याला लपता आले नसते. आणि तो लिहून देईना, तर तिथेच उठून यायचे होते. एका परिचित वकिलांनी कागद पाहून, दाव्याचा खर्च फुलदाणीच्या किमतीहून जास्त होईल, असे सांगितले. मी तो विषय सोडून दिला.

खरेदीच्या दिवशी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे मी त्यानंतर पुन्हा पाहिली. झिलईतले केसांसारखे तडे अंगभर पसरलेले आहेत आणि काठाच्या त्या तुकड्याशी येऊन एकाएकी थांबले आहेत. शंभर वर्षांची झिलई सगळीकडे तडकते आणि एका जागीच तडकत नाही, असे होत नाही. ही खूण मी दुकानातच पाहू शकले असते. आता मी कोणतीही वस्तू आधी डोळे मिटून हाताळते: मूळ झिलई गार आणि घट्ट लागते, रंगवलेला भाग किंचित उबदार आणि गुळगुळीत लागतो. मग तडे कुठे तुटतात ते पाहते, दुकानदाराच्या परवानगीने विजेरी लावते आणि शिक्का सर्वांत शेवटी पाहते. विजेरीवरही पूर्ण भिस्त ठेवत नाही, कारण डागडुजीचे काही नवे रंग तिच्या उजेडात उजळतच नाहीत.

फुलदाणी अजून माझ्याकडेच आहे. काठ मी तसाच उघडा ठेवला आहे. आत एक चिठ्ठी घातली आहे. तिच्यावर फुटलेल्या काठाचे माप, तळावरच्या फुलीची नोंद आणि मी दिलेली किंमत लिहिली आहे. माझ्यानंतर ती ज्याच्या हाती जाईल त्याला तळ पाहण्याआधी ती चिठ्ठी सापडेल.