सेट्रिझिन १० मिलिग्रॅम : चार हंगामांच्या वापरानंतरचे मत

पुण्यात टेकडीलगत राहणाऱ्यांना गाजर गवताची ओळख करून द्यावी लागत नाही. पाऊस ओसरू लागला की ते पांढऱ्या फुलोऱ्याने भरते आणि माझी सकाळ ओळीने वीस-पंचवीस शिंकांनी उजाडते. त्यात दिवाळीपूर्वी माळा आवरायला काढला की डोळ्यांची खाज आणि नाकाची धार वेगळीच. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून सेट्रिझिन या अ‍ॅलर्जीवरच्या औषधाची गोळी लिहून दिली, त्याला आता चार हंगाम झाले.

शिंका, खाज आणि वाहते नाक यांवर ही गोळी साधारण तासाभरात काम करू लागते आणि एका गोळीचा परिणाम जवळजवळ दिवसभर टिकतो, त्यामुळे दिवसाला एकच पुरते. चोंदलेल्या नाकावर मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही. हे न कळल्यामुळे पहिल्या वर्षी दुसरी गोळी घेण्याचा मोह मला झाला होता. डॉक्टरांनी ती घेऊ न देता नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा दिला आणि चोंदणे त्यानेच सुटले.

झोपेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘हिने झोप येत नाही’ असे दुकानात सर्रास सांगितले जाते. जुन्या सीपीएमच्या, म्हणजे क्लोरफेनिरामिनच्या गोळीने मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जड असे; ते औषध मेंदूत सहज पोहोचते, सेट्रिझिन त्या मानाने बरेच कमी पोहोचते. तरीही चाचण्यांमध्ये १० मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे १४ जणांना गुंगी जाणवली होती, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ६ जणांना. मी त्या चौदांतला निघालो. म्हणून गोळी रात्री घेतो, आणि दुचाकीवर दूर जायचे असेल त्या दिवसांसाठी डॉक्टरांनी फेक्सोफेनाडिन ही कमी गुंगी आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी दिली आहे. ती पाण्याबरोबरच घ्यावी लागते. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास ती अंगात कमी शोषली जाते.

किमतीबद्दल तक्रार नाही, दहा गोळ्यांची साधी पट्टी एक-दोन वडापावांच्या पैशांत येते. तक्रार आहे ती सुटी गोळी देण्याच्या पद्धतीविषयी. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने कात्रीने पट्टी कापून पाच गोळ्या दिल्या; औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख दोन्ही त्याच्याकडच्या तुकड्यावर राहिले. त्या बिननावाच्या चंदेरी तुकड्यातली एक गोळी वडिलांनी सर्दीच्या मिश्र गोळीबरोबर घेतली. मिश्र गोळीत सीपीएम होतेच, म्हणजे एका दमात दोन अँटिहिस्टामिन (अ‍ॅलर्जी दाबणारी, गुंगी आणू शकणारी औषधे) झाली, आणि रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्यावर त्यांचा तोल गेला. सुदैवाने दाराची चौकट हाताशी होती. त्यांचे रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले आहे, म्हणजे मूत्रपिंडे कमी काम करतात, आणि हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, तेव्हा त्यांना मुळात निम्माच डोस योग्य होता, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. (अर्धी केलेली गोळी जिभेवर अतिशय कडू लागते, हेही तेव्हाच कळले.) आता मी अख्खी पट्टीच घेतो.

वर्षभर रोज घेणाऱ्यांनी एक गोष्ट डॉक्टरांशी जरूर बोलावी. महिनोन्‌महिने घेतलेली सेट्रिझिन किंवा तिचेच जवळचे रूप असलेली लेव्होसेट्रिझिन थांबवल्यावर क्वचित काहींना अंगभर तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५ मध्ये दिला आहे. आणि ओठ-जीभ सुजून श्वास लागला, तर या गोळीच्या भरवशावर घरी थांबू नये. तिथे अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन लागते आणि तडक रुग्णालय गाठावे लागते.

पुढच्या महिन्यात माझी त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी आहे. गोळी चालू असताना ती करता येत नाही, म्हणून आधी काही दिवस सेट्रिझिन बंद ठेवायला सांगितले आहे. त्या दिवसांसाठी डझनभर रुमाल धुऊन ठेवले आहेत.