जुनं चर्च, घरची प्रार्थना की मोबाईलवरचा संदेश: बेळगावात नव्याने आलेल्या कुटुंबाने कुठे बसावं?

माझी भाची लग्न होऊन खानापूर तालुक्यातून बेळगावात आली आणि तिने फोनवर विचारलं, "मामा, मंडळीचा दाखला कुठे देऊ?" हा दाखला म्हणजे आधीच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, सभासदत्वाचं पत्र. तिच्यापुढे तीन वाटा होत्या. कॅम्प भागातलं जुनं चर्च, शेजारच्या घरात दर बुधवारी होणारी प्रार्थना आणि नवऱ्याच्या मोबाईलवर रोज सकाळी लागणारा एका दूरच्या प्रचारकाचा संदेश. आपल्याकडे निपाणी, चिकोडी, अथणीपर्यंत कितीतरी घरांत हाच प्रश्न आहे, म्हणून तिला जे सांगितलं ते इथे लिहितो.

गाणी कुठे चांगली होतात, गर्दी कुठे जास्त असते, हे मी मोजलं नाही. उद्या तिथे खोटं शिकवलं गेलं तर ते कुणाच्या लक्षात येईल आणि शिकवणाऱ्याला थांबवायचा अधिकार कुणाला असेल, एवढंच पाहिलं.

जुन्या चर्चचं आधी सांगतो. बेळगावात लंडन मिशन या प्रोटेस्टंट मिशनरी संस्थेचं काम 1820 साली सुरू झालं, 1904 मध्ये ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे आलं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 चा. वय झालं म्हणून शिकवण शुद्ध राहते असं मुळीच नाही. पण इथे पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बदली होते, त्याच्यावर बिशप असतो, अर्पणाचा हिशेब वहीत चढतो. शिवाय पाळकसाहेब संदेशात घसरले तरी त्याच उपासनेत सगळी मंडळी उभी राहून विश्वासाचा अंगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची ठरलेली वाक्यं, म्हणते, आणि येशू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला हे पाठ असलेलं पोरगंसुद्धा म्हणतं. ही राखण लहान नाही. उणीव दुसरीकडे आहे. कुठे उपासना कन्नडमध्ये, कुठे मराठीत, आणि मुलं शाळेत तिसरंच शिकतात. वचन कळलं का, हे कुणी विचारत नाही. आजारी माणसाकडे महिना महिना कुणी फिरकत नाही. खोटा शिक्षक बहुधा याच रिकाम्या जागेतून घरात येतो.

घरच्या प्रार्थनेत ही जागा भरते. रात्री अकराला फोन केला तरी कुणीतरी येतं. नव्या करारातल्या प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी मंडळी जमत होतीच, तेव्हा घरात जमण्यात काही वावगं नाही. वावगं होतं ते घर एकाचं, शब्दही एकाचाच, आणि त्याला विचारणारं कुणी नाही, तिथे.

माझ्या आत्याचं असंच झालं. बाहेरगावच्या एका प्रचारकाने तिला सांगितलं की साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी घेणं म्हणजे अविश्वास. तिने गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. तो माणूस पुन्हा आला नाही. मला आजही वाईट वाटतं की घरात पवित्र शास्त्र असून आम्ही कुणी ते उघडलं नाही. आपला सोबती लूक याला प्रेषित पौल प्रिय वैद्य म्हणतो. तरुण सहकारी तीमथ्याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आजाऱ्याने कुणाला बोलवावं हे याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात लिहिलंय: मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या जबाबदार ज्येष्ठांना. ज्यांना आपण ओळखतो आणि जे उद्याही गावात असतील, त्यांना.

पैशाची कसोटी तर फार जुनी आहे. डिडाखे नावाच्या आरंभीच्या ख्रिस्ती लेखात म्हटलंय की फिरता प्रेषित स्वतःसाठी पैसे मागू लागला तर तो खोटा संदेष्टा. गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नये. बुधवारच्या प्रार्थनेत पाकीट फिरतं तेव्हा ते कुणाकडे जातं, हे विचारायला लाजू नये.

आणि कुणी तुमचं नाव-गाव, मनातली गोष्ट अचूक ओळखली, तरी लगेच भारावू नका. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै शहरातली भविष्य सांगणारी दासी पौलाबद्दल खरंच बोलत होती, तरी तिच्यातला आत्मा देवाचा नव्हता.

मोबाईलवरच्या संदेशाबद्दल मी सगळ्यात सावध आहे. जावयाने मला कन्नडमधला एक संदेश ऐकवला. वचन जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 29:11, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, आणि त्यावरून या वर्षी घर, गाडी, बढती. मी कन्नड आणि मराठी अशी दोन्ही शास्त्रं शेजारी शेजारी उघडली आणि त्याला 8 व्या ओवीपासून वाचायला लावलं. हे पत्र बाबेलला बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेलं. 10 व्या ओवीत 70 वर्षं थांबायला सांगितलंय. आणि 8 व्या ओवीत? तुमच्यातले संदेष्टे तुम्हांला फसवू नयेत, असा इशारा. जावई बराच वेळ गप्प बसला. त्या प्रचारकाला त्याचं नावही माहीत नाही. आमच्या घरी मयत झाली तर तो येणार नाही, चुकला तर त्याला जाब विचारायला आम्ही कुठे जाणार? भाषांतरात काय गळलं, काय भरलं गेलं, तेही कळत नाही. सीमाभागातल्या आपल्या दोन भाषा इथे कामी येतात: वचन एका भाषेत ऐकलं की दुसरीत अख्खा अध्याय वाचावा.

तर भाचीला म्हटलं, दाखला चर्चमध्येच दे, संदेश कधी कोरडा वाटला तरी. बुधवारी जरूर जा, पण पहिल्याच महिन्यात एक अवघड प्रश्न विचार आणि काय होतं ते बघ. मोबाईल ऐकायचा तर शास्त्र उघडं ठेवून.

तिने विचारला. प्रार्थना घेणारे काका थोडं थांबले आणि म्हणाले, "बाळ, मला नक्की माहीत नाही. पाळकसाहेबांना विचारून पुढच्या बुधवारी सांगतो." ती अजून तिथे जाते.