डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बिल: विंडोज ड्रायव्हर की एस्केप कमांड?

ड्रायव्हर (विंडोजला प्रिंटरशी जोडणारं सॉफ्टवेअर) सोपा: स्क्रीनवर दिसतं तेच कागदावर उतरतं. पण तो बहुधा अख्खं पान चित्र म्हणून पाठवतो आणि प्रिंटर रेंगाळतो.

एस्केप कमांड म्हणजे प्रोग्रॅमने थेट प्रिंटरला पाठवायचे, २७ (एस्केप) ने सुरू होणारे कोड. यात प्रिंटरचा स्वतःचा फॉन्ट वापरला जातो, म्हणून काम झटपट. एप्सनच्या पद्धतीत २७, ६४ पाठवलं की आधीची सेटिंग पुसली जाते. २७, ६९ ने अक्षर ठळक, २७, ७० ने पुन्हा साधं. सहा इंची बिलाला २७, ६७, ३६ द्या (इंचाला ६ ओळी धरून). मग १२ पाठवल्यावर कागद नेमका पुढच्या बिलाच्या माथ्यावर थांबतो. ड्रायव्हरमध्ये यासाठी कागदाचं वेगळं माप बनवत बसा!

ग्राहकाचं नाव मराठीत हवं असेल तर मात्र ड्रायव्हरच बरा. बहुतेक प्रिंटरच्या रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) देवनागरी नसते.