तेलबदलानंतर रुसलेला गिअरबॉक्स: एका तपासणी-सेवेचा अभिप्राय

ज्या वर्कशॉपच्या सेवेविषयी हा अभिप्राय लिहीत आहे, तिथे गाडी घेऊन गेलो तेव्हा गिअरबॉक्स उतरवून पूर्ण ओव्हरहॉल (सगळे सुटे करून झिजलेले भाग बदलणे) करून घ्यावा लागणार, अशी माझ्या मनाची तयारी झालेली होती. गाडी १९९८ सालची शेव्हरोले पिकअप, इंजिन ५.७ लिटरचे व्ही-८ आणि गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा चार गतींचा ऑटोमॅटिक, ४एल६०-ई. ओव्हरहॉल टळला, आणि तो टळण्याचे कारण नशीब नसून या लोकांनी तपासणीचा धरलेला क्रम होता, म्हणून तो क्रम थोडा सविस्तर सांगावा असे वाटते.

आधीची हकिगत थोडक्यात अशी. गिअरबॉक्सचे तेल बरेच दिवस बदललेले नव्हते, रंग तपकिरीकडे झुकला होता, पण गाडी चालण्यात काहीही तक्रार नव्हती. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये तळाचे पॅन काढून तेल आणि फिल्टर दोन्ही बदलून घेतले. दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी सुरू करून लिव्हर डी वर, म्हणजे पुढे जाण्याच्या जागेवर टाकला, तर गिअर लागायला तीन-चार सेकंद लागले. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा बारीक घूं आवाज येऊ लागला, आणि वळणावर वेग कमी करून पुन्हा रेस दिली की इंजिन नुसतेच ओरडे, गाडी क्षणभर पुढे सरकत नसे. मी परत गेलो तेव्हा त्या गॅरेजने आणखी एक लिटर तेल ओतले आणि आवाज वाढल्यावर निदान सांगून टाकले: "जुन्या गिअरबॉक्समध्ये नवे तेल घातले की क्लच प्लेटा जातात, आता ओव्हरहॉलच करावा लागेल."

हे वाक्य जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते, आणि त्यात सत्याचा अंश आहे, हे मान्य करायला हवे. ज्या क्लच प्लेटांचे अस्तर झिजून संपत आले आहे, त्या आधीच शेवटच्या पायरीवर उभ्या असतात. त्यात नव्या तेलातील शुद्धिकारक द्रव्यांनी जुना चिकट थर सुटून व्हॉल्व्ह बॉडीत (क्लचकडे तेलाचा दाब वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात) अडकला, तर दुखणे उघडे पडू शकते. पण काल बिनतक्रार चालणारा गिअरबॉक्स तेल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी बिघडला, तर पहिला संशय काल ज्या वस्तूंना हात लागला त्यांच्यावर जायला हवा: तेलाची पातळी, तेलाचा प्रकार, फिल्टर, त्याचे सील, पॅनचे गॅस्केट आणि काम करताना धक्का लागू शकणारी वायरिंग. ते सोडून क्लचला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

नव्या वर्कशॉपमधील मेकॅनिकने बॉनेट उघडण्यापूर्वी पाचएक मिनिटे नुसते प्रश्न विचारले. किती लिटर तेल निघाले आणि किती घातले? बॅटरी काढली होती का? उशीर फक्त थंड गाडीत होतो की तापल्यावरही? रिव्हर्सला होतो का? आवाज न्यूट्रलमध्ये येतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, याची मला लाज वाटली, कारण उत्तर तिथेच दडलेले होते. या गिअरबॉक्सचे पॅन उतरवले की साधारण पाच लिटर तेल निघते, तर संपूर्ण यंत्रणेत दहा-अकरा लिटर मावते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), कूलर आणि नळ्यांमध्येच राहते. म्हणून पुस्तकातील एकूण क्षमतेचा आकडा पाहून तेल ओतणारा हमखास चुकतो, आणि निघालेले तेल मोजून न ठेवणारा अंदाजावर चालतो.

त्यानंतर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहण्याची खुणांची पट्टी. इथे मला पहिल्यांदा दोन गॅरेजांमधला फरक कळला. पहिल्याने इंजिन बंद असताना डिपस्टिक काढून पुसून पाहिली होती. याने गाडी वीसेक मिनिटे चालवून आणली, स्कॅनर जोडून गिअरबॉक्समधील तेलाचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याची खात्री केली, गाडी सपाट जागी उभी केली, ब्रेक दाबून लिव्हर एकदा सगळ्या जागांवरून फिरवला, पार्कला आणला आणि इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहिली. कारण साधे आहे. इंजिन बंद असताना पंपही बंद असतो, त्यामुळे पॅनमध्ये जास्त तेल दिसते; शिवाय तेल तापले की फुगते, इतके की दहा लिटर तेल वीस अंशांवरून ऐंशीवर गेले तर जवळजवळ अर्धा लिटर वाढते. थंड तेलाची पातळी गरम तेलाच्या खुणेवर आणणारा माणूस नकळत तेवढे तेल जास्त घालून बसतो. (हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही, हेही त्याने सांगितले. मागच्या चाकांना गती देणाऱ्या जुन्या डॉज पिकअपमध्ये पातळी न्यूट्रलला पाहायची असते, कारण तिथे पार्कमध्ये कन्व्हर्टरकडे तेल जात नाही. गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे, ते पाहणे बरे.)

माझ्या गाडीत तेल खुणेच्या बरेच वर होते आणि डिपस्टिकवर बारीक बुडबुडे होते. खुणेच्या वर गेलेले तेल आत फिरणाऱ्या भागांना लागते, ते भाग त्याला रवीसारखे घुसळतात आणि फेस होतो. फेसात हवा असते, हवा दाबली जाते, त्यामुळे क्लचला हवा तेवढा दाब वेळेवर मिळत नाही. म्हणजे तेल कमी पडले तर जी लक्षणे दिसतात, तीच तेल जास्त झाल्यावरही दिसू शकतात, आणि पहिल्या गॅरेजने ओतलेला तो जादा लिटर उपाय न ठरता दुसरे दुखणे ठरला होता. इथे एखादा घाईचा माणूस तेल काढून गाडी परत देऊन मोकळा झाला असता. याने पातळी खुणेवर आणली, पण गाडी रात्रभर ठेवून घेतली. फेस बसू दे, सकाळी थंड इंजिनावर पाहू, असे त्याचे म्हणणे होते. सकाळी पातळी बरोबर असूनही गिअर लागायला उशीर झालाच, घूं आवाजही तसाच, आणि काही मिनिटांत डिपस्टिकवर पुन्हा बुडबुडे. जास्त तेल हे कारण असते, तर ते आता नाहीसे झाले होते. म्हणजे हवा दुसरीकडून, पंपाच्या ओढीच्या बाजूने येत होती.

पॅन उतरवण्याआधी त्याने आणखी दोन गोष्टी केल्या, ज्या मला अनावश्यक वाटल्या होत्या आणि आता वाटत नाहीत. एक, स्कॅनरवर दोषांचे कोड पाहिले. एकही साठलेला नव्हता. या गिअरबॉक्सच्या बाजूचा मोठा विजेचा कनेक्टर ढिला झाला तर गिअर बदलणारी दोन्ही सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) बंद पडतात आणि गाडी थेट तिसऱ्या गिअरमध्ये उठते. तशी गाडी कायम जड उठेल, तीन सेकंद थांबून मग नीट उठणार नाही, असे सांगत त्याने वायरिंगचा संशय बाजूला ठेवला. दोन, बाहेरच्या छिद्रातील बूच काढून तेलाचा दाब मोजण्याचे घड्याळ लावले. काटा एका जागी स्थिर न राहता थरथरत होता. दाब नुसता कमी असता तर पंप किंवा झीज यांच्याबद्दल बोलावे लागले असते. थरथर म्हणजे हवा, असे त्याने मला काटा दाखवत सांगितले.

पॅन काढल्यावर मला मुद्दाम बोलावले. फिल्टर दोन बोटांनी हलकेच ओढला आणि तो हातात आला. या गिअरबॉक्समध्ये फिल्टरची मान पंपाच्या भोकात एका रबरी सीलमधून घट्ट बसते, आणि जुना फिल्टर ओढून काढताना ते सील बहुतेक वेळा भोकातच चिकटून राहते. ते वेगळे उचकटून काढावे लागते, तेही अॅल्युमिनियमवर ओरखडा न पाडता. पहिल्या गॅरेजने ते कष्ट घेतलेच नव्हते. नव्या फिल्टरची मान जुन्या, लाकडासारख्या कडक झालेल्या सीलमध्ये ढकलून दिली होती. पंप तेलाबरोबर त्या फटीतून हवा ओढत होता. वळणावर आणि ब्रेक लावल्यावर तेल पॅनच्या एका कडेला सरकून फट उघडी पडत असल्यामुळे तेव्हा त्रास वाढत होता. ज्या भागासाठी माझ्यासमोर ओव्हरहॉलचा प्रस्ताव ठेवला गेला, तो भाग नव्या फिल्टरच्या पाकिटात फुकट येतो.

पॅनमधील लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ लगदा होता. तो त्याने बोटांत चोळून दाखवला: कण हाताला लागत नाहीत, तुकडे नाहीत, तेलाला जळका वास नाही. इतक्या चाललेल्या गिअरबॉक्समध्ये एवढी झीज अपेक्षितच असते. क्लच गेलेले असते तर काळा गाळ आणि करपट वास मिळाला असता. फिल्टर खोल पॅनसाठीचाच आहे ना, हेही त्याने तपासले, कारण याच गिअरबॉक्सला उथळ आणि खोल अशी दोन प्रकारची पॅन येतात आणि एकाचा फिल्टर दुसऱ्याला बसवला गेला तर नवीनच गोंधळ होतो. बसवताना पॅनची कड सरळ आहे का ते पाहिले, गॅस्केट कोरडेच लावले (सीलंटचे सुटलेले तुकडे व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत पोहोचू शकतात) आणि बोल्ट टॉर्क पान्याने ११ न्यूटन-मीटरला, समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळले. आधी चारेक लिटर तेल, मग इंजिन सुरू करून प्रत्येक गिअरवर काही सेकंद, मग थोडे थोडे करत गरम पातळीपर्यंत. गिअर आता डी वर टाकताच लागतो. आवाज गेला.

तेलाच्या निवडीबद्दल त्याचे मत मला पटले, जरी ते जरा करडे होते. पहिल्या गॅरेजने "सगळ्या गाड्यांना चालते" असे लिहिलेले तेल घातले होते. या गिअरबॉक्सला मूळचे डेक्स्रॉन-३, म्हणजे जनरल मोटर्सने ठरवलेल्या दर्जाचे तेल लागे. त्या नावाने तेल विकण्याचे परवाने कंपनीने २००६ अखेर बंद केले, आणि २००५ मध्ये आलेले डेक्स्रॉन-६ जुन्या गाड्यांनाही चालते असे कंपनीचेच सांगणे आहे. सर्वांना चालणारे तेल वाईटच असते असे नाही, पण ज्या गाडीत आधीच काहीतरी बिनसले आहे, तिथे तेलाचा प्रश्न मनातून काढून टाकण्यासाठी कंपनीने सांगितलेलेच तेल घालावे, असे तो म्हणाला. एकदा पॅन उतरवून जेमतेम निम्मे तेल बदलते, म्हणून थोडे अंतर चालवून दुसऱ्यांदा बदल केला. यंत्र लावून सगळे तेल एकदम बदलण्याची सेवा त्यांच्याकडे आहे, तरी त्याने ती मला विकली नाही. बरा होत असलेल्या गिअरबॉक्सला एका वेळी एकच बदल दाखवावा, म्हणजे कशाने काय झाले ते कळते, असा त्याचा विचार होता.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. ताशी सत्तरच्या आसपास, हलक्या रेसवर, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी बारीक थरथर येते. मेकॅनिकने माझ्या शेजारी बसून एक सोपी युक्ती दाखवली: थरथर येत असताना रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करायचा. तेवढ्याने टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर कारण तिथेच, न थांबली तर इंजिनाची मिसफायर किंवा शाफ्टचा जॉइंट शोधायचा. माझ्याकडे ती लगेच थांबली. नव्या तेलाने थरथर बरीच कमी झाली आहे, पण चढावर अजून जाणवते. लॉक-अपचा दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हचे भोक झिजणे हे या गिअरबॉक्सचे ओळखीचे दुखणे आहे, पण तसा कोड आलेला नाही. म्हणून लगेच व्हॉल्व्ह बॉडी उघडण्यापेक्षा काही हजार किलोमीटर वाट पाहण्याचा सल्ला त्याने दिला.

तक्रारी आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर अभिप्राय अपुरा राहील. काम संपल्यावर मला जे कागद मिळाले, त्यांत "सील बदलले, तेल बदलले" एवढेच होते. किती तेल निघाले, किती घातले, दाब किती आला, यातले काहीही नोंदवलेले नव्हते. ज्या माणसाने मला पहिला प्रश्नच "किती लिटर निघाले?" असा विचारला, त्याच्याच वर्कशॉपने पुढच्या मेकॅनिकसाठी ते उत्तर लिहून ठेवू नये, हे विचित्र आहे. मी मागितल्यावर त्याने आकडे तोंडी सांगितले आणि मी ते गाडीच्या पुस्तिकेत उतरवून घेतले. शिवाय गाडी तीन दिवस तिथे होती आणि त्या तीन दिवसांत त्यांच्याकडून एकही फोन आला नाही. प्रत्येक वेळी मीच विचारायचे. घाई असलेल्या माणसाने आधी वेळेचे बोलून घ्यावे. मी मात्र पुढच्या तेलबदलासाठी तिथेच जाणार आहे, आणि सीलचे पाकीट उघडताना समोर उभा राहणार आहे.